डर्ट बाईक घ्यायची तर किती सीसीची? यवतमाळच्या मातीत नवीन रायडरने आधी काय बघावं

इन्स्टाग्राम उघडलं की एक तरी रील असं दिसतंच. चिखल उडवत चढावर जाणारी बाईक, पुढचं चाक हवेत, मागे दणदणीत म्युझिक. खाली कमेंटमध्ये ठरलेला प्रश्न असतो, "भाऊ, किती सीसी आहे?"

आणि मग यवतमाळ, पुसद, वणी किंवा दारव्हा कुठलंही गाव असो, घरात विषय निघतो. पोराला डर्ट बाईक पाहिजे. पोरगा म्हणतो ४५० सीसी, वडील म्हणतात आपली स्प्लेंडर काय वाईट आहे, आणि शोरूमवाला म्हणतो ईएमआय बसवून देतो.

यात चूक झाली तर ती दोन प्रकारे महागात पडते. एक म्हणजे पैसा. कापूस-सोयाबीनच्या पैशांवर चालणाऱ्या घरात तीन-साडेतीन लाखांची गाडी ही छोटी गोष्ट नाही. दुसरी म्हणजे हातपाय. पांदण रस्त्यावर दीड-दोनशे किलोची गाडी पायावर पडली आणि आसपास कोणी नसलं, तर रील बाजूलाच राहतं.

म्हणून गाडी घेण्याआधी हा सीसीचा हिशोब नीट समजून घेतलेला बरा.

सीसी म्हणजे ताकद नाही

सीसी म्हणजे क्युबिक सेंटीमीटर. इंजिनात पिस्टन वरखाली होतो तेव्हा तो जेवढी जागा व्यापतो, ते हे माप. त्या जागेत जेवढं हवा-पेट्रोलचं मिश्रण मावेल, तेवढी ताकद तयार व्हायची शक्यता. पण ती प्रत्यक्षात किती तयार होते, ते इंजिन कसं बांधलंय त्यावर ठरतं.

जुन्या लोकांना पटेल असं उदाहरण घेऊ. स्प्लेंडरचं इंजिन ९७.२ सीसीचं आहे आणि ताकद साधारण ८ पीएस. यामाहा आरएक्स १०० चं इंजिन ९८ सीसीचं होतं, पण ताकद होती ११ हॉर्सपॉवरची. सीसी जवळजवळ सारखे, पण गाडीचा स्वभाव पूर्ण वेगळा. कारण आरएक्स टू-स्ट्रोक होती. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या प्रत्येक फेरीला स्फोट होतो, फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांना एकदा.

आताच्या गाड्यांतही हेच दिसतं. हिरो एक्सपल्स २०० फोर-व्ही चं इंजिन १९९.६ सीसीचं, ताकद १९ पीएसच्या आसपास. केटीएम २०० ड्यूक १९९.५ सीसीची, ताकद २५ पीएस. आणि कावासाकी केएलएक्स २३० चं इंजिन २३३ सीसीचं असूनही ताकद १८ पीएसच्या घरात.

मग कावासाकीने मोठं इंजिन देऊन कमी ताकद का काढली? कारण ती मातीत चालवायची गाडी आहे. मातीत वेगापेक्षा खालच्या आरपीएमला मिळणारा जोर कामाचा असतो. त्या जोराला टॉर्क म्हणतात. चढावर, गोट्यांमध्ये, चिखलात गाडी हळू चालत असताना इंजिन बंद न पडता ओढत राहिलं पाहिजे. वरच्या आरपीएमला एकदम झटका देणारं इंजिन हायवेवर मजा देतं, पण ओल्या मातीत तोच झटका मागचं चाक फिरवून गाडी आडवी करतो.

म्हणजे शोरूममध्ये फक्त "किती सीसी" असं विचारून भागत नाही. ताकद किती, टॉर्क किती आणि तो कुठल्या आरपीएमला मिळतो, हेही विचारावं लागतं.

यवतमाळची जमीन काय मागते?

मनालीच्या रस्त्यावर चांगली चाललेली गाडी राळेगावच्या शेतात चालेलच असं नाही.

यवतमाळ जिल्ह्याचा मोठा भाग काळ्या मातीचा. उन्हाळ्यात या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती फुगून चिकट होते. ओली काळी माती टायरला नुसती लागत नाही, ती थरावर थर चढवत जाते. साध्या रस्त्याच्या बाईकचं पुढचं मडगार्ड चाकाला चिकटून असतं. दोन-चारशे मीटर गेलं की टायर आणि मडगार्डमध्ये माती गच्च बसते आणि चाक फिरायचंच थांबतं. मग काडीने माती काढत बसायचं.

डर्ट बाईकचं पुढचं मडगार्ड उंच का असतं, याचं उत्तर इथे आहे. स्टाईल नंतर, आधी चिखलाला जागा हवी.

दुसरीकडे पुसद-उमरखेड भागात डोंगर, मुरूम आणि गोटे. वणी, मारेगाव, झरी-जामणी पट्ट्यात कोळसा आणि चुनखडीच्या खाणी, ट्रकची वाहतूक आणि धूळ. धूळ म्हणजे एअर फिल्टर वरचेवर साफ करावा लागणार. आणि मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो. एवढ्या उन्हात पहिल्या गिअरमध्ये, हाफ क्लचवर, दहा-पंधरा मिनिटं चिखलात किंवा वाळूत झगडलं, तर एअर-कूल्ड इंजिन चांगलंच तापतं. लिक्विड-कूल्ड इंजिन ही उष्णता जास्त सांभाळतं, पण रेडिएटरवर गोटा लागला तर खर्चही तिथेच येतो.

या सगळ्याचा अर्थ एवढाच की इथल्या नवीन रायडरला टॉप स्पीडचा फारसा उपयोग नाही. त्याला हलकी, उंच, खालच्या आरपीएमला ओढणारी आणि पडली तर एकट्याने उचलता येणारी गाडी लागते.

मग कुठला टप्पा कोणासाठी?

*१०० ते १२५ सीसी*

बहुतेक घरात ही गाडी आधीच उभी असते. स्प्लेंडरचं वजन ११२ किलोच्या आसपास. ती डर्ट बाईक नाही, सस्पेन्शन छोटं, मडगार्ड खाली. पण क्लचवर नियंत्रण, मुरुमात ब्रेक कसा मारायचा, उतारावर गिअरमध्ये गाडी कशी सोडायची आणि फूटरेस्टवर उभं राहून तोल कसा सांभाळायचा, हे सगळं तिच्यावर शिकता येतं. ज्याला कोरड्या पांदणीवरून स्प्लेंडर नीट नेता येत नाही, त्याला मोठं इंजिन देऊन काही फरक पडत नाही. फक्त पडण्याचा वेग वाढतो.

*१५० ते २१० सीसी*

नवीन रायडरसाठी सगळ्यात योग्य टप्पा हाच. हिरोने २०११ मध्ये इम्पल्स नावाची १५० सीसीची गाडी आणली होती. साधारण १३ पीएसची ताकद आणि १३४ किलो वजन. त्या काळात ती फार चालली नाही आणि बंद झाली, पण कल्पना बरोबर होती. तीच कल्पना पुढे एक्सपल्समध्ये आली.

एक्सपल्स २०० फोर-व्ही चं वजन १५८ ते १५९ किलो, सीटची उंची ८२५ मिलिमीटर, जमिनीपासून अंतर २२० मिलिमीटर, पुढचं चाक २१ इंची आणि मागचं १८ इंची. २१ इंची चाक गोट्यावर आणि खड्ड्यावर अडकण्याऐवजी वरून चढून जातं. २०२५ मध्ये आलेली एक्सपल्स २१० लिक्विड-कूल्ड आहे आणि ताकद २४ पीएसच्या पुढे, पण वजनही १६८ किलोपर्यंत गेलंय.

या टप्प्याचा मोठा फायदा म्हणजे ही गाडी सोमवार ते शनिवार कॉलेजला किंवा कामाला नेता येते आणि रविवारी मातीत. हिरोचे स्पेअर पार्ट तालुक्याच्या ठिकाणी मिळायची शक्यता जास्त. क्लच लिव्हर तुटली म्हणून गाडी पंधरा दिवस उभी, ही वेळ कमी येते.

*२३० ते २५० सीसी*

इथे दोन वेगळ्या जाती आहेत आणि गोंधळ इथेच होतो.

कावासाकी केएलएक्स २३० ही खरीखुरी ड्युअल-स्पोर्ट, म्हणजे रस्त्यावर चालणारी डर्ट बाईक. वजन १३९ किलोच्या आसपास, म्हणजे एक्सपल्सपेक्षा वीसेक किलोने कमी. ताकद तेवढीच. मातीत हिचं काम सोपं. पण सीटची उंची ८८० मिलिमीटर आणि पेट्रोलची टाकी फक्त ७.६ लिटरची. लांबच्या प्रवासाला ती टाकी पुरत नाही आणि उंची कमी असलेल्या रायडरचे पाय टेकत नाहीत.

सुझुकी व्ही-स्ट्रॉम एसएक्स किंवा केटीएम २५० अ‍ॅडव्हेंचर या २५० च्या गाड्या दिसायला जंगलात जाणाऱ्या वाटतात, पण त्यांचा मूळ पिंड लांबच्या रस्त्याचा. व्ही-स्ट्रॉमचं वजन १६७ किलो. यवतमाळहून नागपूर, नांदेड असे फेरे असतील आणि मध्येच कच्चा रस्ता लागत असेल, तर या गाड्या छान. पण रोज चिखलात खेळायला त्या घेतलेल्या नसतात.

*३९० ते ४५० सीसी*

रॉयल एनफिल्ड हिमालयन ४५० ची ताकद ४० पीएस, टॉर्क ४० न्यूटन-मीटर आणि वजन १९६ किलो. केटीएम ३९० एन्ड्युरो आर ची ताकद तर ४६ पीएस. दोन्ही चांगल्या गाड्या, पण दुसरी किंवा तिसरी गाडी म्हणून.

कारण साधं आहे. १९६ किलोची गाडी उतारावर घसरायला लागली की ती हाताने अडवता येत नाही. पडली तर काळ्या चिखलात एकट्याने उभी करताना दम निघतो, आणि दोन-तीनदा पडली की रायडर थकतो. थकलेला रायडर पुढची चूक लवकर करतो.

सेकंडहँड बाजारात जुनी हिमालयन ४११ बऱ्याच जणांना मोहात पाडते. ताकद फक्त २४ पीएसच्या आसपास, इंजिन शांत, टॉर्क खालीच मिळतो. पण वजन १९९ किलो. इंजिन सौम्य आहे म्हणजे गाडी सोपी आहे, असं होत नाही.

रेसच्या गाड्या हा वेगळाच विषय

रील्समध्ये हवेत उडणाऱ्या गाड्या बहुतेक वेळा या वरच्या यादीतल्या नसतातच. त्या मोटोक्रॉसच्या असतात. कावासाकी केएक्स २५० सारख्या. वजन जेमतेम ११० किलोच्या आत आणि इंजिन पूर्णपणे रेससाठी बांधलेलं. हेडलाईट नाही, आरसे नाहीत, नंबर प्लेट नाही. सर्व्हिस किलोमीटरवर नाही तर इंजिन किती तास चाललं त्यावर मोजतात.

म्हणूनच "२५० सीसी" म्हटल्यावर कुठली २५० हे विचारणं गरजेचं. शोरूममधली २५० आणि रेसची २५० यांच्यात फक्त आकडा सारखा आहे.

महाराष्ट्रात हा खेळ नवीन नाही. पुणे आणि नाशिक ही सुपरक्रॉस-मोटोक्रॉसची जुनी केंद्रं. जानेवारी २०२४ मध्ये इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी पुण्यात बालेवाडीच्या मैदानावर झाली. तिथले वर्ग बघितले तरी धडा मिळतो. ज्युनिअर मुलांसाठी ८५ सीसी, त्यावर २५० आणि सगळ्यात वर ४५०. खेळाडूही थेट ४५० वर बसत नाहीत.

जागतिक मोटोक्रॉसमध्ये तर वर्षानुवर्षं १२५ सीसी टू-स्ट्रोक आणि २५० सीसी फोर-स्ट्रोक एकाच वर्गात धावत आले. म्हणजे नियम बनवणाऱ्यांनीच मान्य केलं की नुसत्या सीसीवरून तुलना होत नाही.

वजन आणि उंची: शोरूममध्येच करायची परीक्षा

गाडी बुक करण्याआधी चार गोष्टी करून बघता येतात आणि त्याला पैसे लागत नाहीत.

पहिली, गाडीवर बसून दोन्ही पायांचे चवडे तरी जमिनीला टेकतात का ते बघायचं. एकच पाय टेकत असेल तर शिकणाऱ्यासाठी ती गाडी उंच आहे. एक्सपल्सच्या प्रो प्रकारात सीटची उंची ८९१ मिलिमीटर आहे, म्हणजे साध्या एक्सपल्सपेक्षा साडेसहा सेंटीमीटर जास्त. नाव एकच, पण बसल्यावर फरक लगेच कळतो.

दुसरी, इंजिन बंद ठेवून गाडी दहा-वीस पावलं ढकलायची आणि मागे ओढायची.

तिसरी, फूटरेस्टवर उभं राहून हँडल हातात नीट येतं का ते बघायचं. मातीत निम्मा वेळ उभं राहूनच चालवायचं असतं. कंबर वाकवून उभं राहावं लागत असेल तर पाठ दुखणार.

चौथी, ओळखीच्या माणसाकडे तीच गाडी असेल तर ती गवतावर आडवी करून एकट्याने उचलून बघायची. पाठ सरळ, जोर पायांचा. उचलता आली नाही, तर उत्तर मिळालं.

अठराच्या आतल्या मुलांचं काय?

मोटार वाहन कायदा १९८८ नुसार गिअरच्या मोटरसायकलचं लायसन्स १८ वर्षांनंतरच मिळतं. सोळाव्या वर्षी पालकांच्या संमतीने लायसन्स मिळतं, पण ते ५० सीसीपर्यंतच्या विनागिअर गाडीपुरतं. त्यावर १५० ची डर्ट बाईक चालवता येत नाही.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर हा विषय पालकांच्या अंगाशी येणारा झाला. कलम १९९ अ प्रमाणे अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाची २५ वर्षं पूर्ण होईपर्यंत लायसन्स मिळत नाही.

मुलाला खरंच खेळात पुढे जायचं असेल तर मार्ग बंद ट्रॅकचा आहे. तिथे वयाप्रमाणे छोट्या गाड्या असतात. केएलएक्स ११० सारखी ११२ सीसीची गाडी किंवा केएक्स ६५, केएक्स ८५ सारख्या टू-स्ट्रोक. यातली केएलएक्स ११० शांत, आणि ६५-८५ या रेसच्या. त्यामुळे "फक्त ८५ सीसी आहे" म्हणून ती सोपी समजायची नाही.

सीसी वाढले की कागदावरचा खर्चही वाढतो

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटरसायकलवर जीएसटी १८ टक्के झाला. आधी तो २८ होता. ३५० सीसीच्या वर मात्र ४० टक्के. म्हणजे २१० ची गाडी स्वस्त झाली आणि ३५० च्या वरच्या गाडीवरचा कर वाढला.

विम्याचंही तसंच. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या दरांनुसार थर्ड पार्टी विम्याचा वर्षाचा हप्ता ७५ ते १५० सीसीसाठी ७१४ रुपये, १५० ते ३५० सीसीसाठी १,३६६ आणि ३५० च्या वर २,८०४ रुपये. नवीन दुचाकीला हा विमा पाच वर्षांचा एकदम घ्यावा लागतो. १५० ते ३५० सीसीसाठी ७,३६५ आणि ३५० च्या वर १५,११७ रुपये. एवढ्या फरकात चांगले बूट आणि नी-गार्ड येऊ शकतात.

आणि ते आणायलाच हवेत. हेल्मेट आयएसआय मार्कचं, घोट्याच्या वर येणारे कडक बूट, गुडघे-कोपरांचे गार्ड आणि हातमोजे. मातीत मोडतं ते बहुतेक वेळा घोटा, मनगट किंवा खांद्याचं हाड. चप्पल घालून डर्ट बाईक चालवणाऱ्याला सीसीचा सल्ला देण्यात अर्थ नाही. बजेट दोन लाखांचं असेल तर गाडी दोन लाखांची बघायची नाही, सामानाचे पैसे आधी बाजूला काढायचे.

नंबर प्लेटचं एक बघून घ्यायचं. काही मॉडेलची नावं सारखी असतात. केएलएक्स २३० ला एमएच २९ चा नंबर मिळतो, पण केएलएक्स २३०आर एस ही फक्त ट्रॅकची गाडी आहे. तिची नोंदणी होत नाही आणि ती घरापासून शेतापर्यंतच्या डांबरी रस्त्यावरही चालवता येत नाही. जुनी इम्पोर्टेड गाडी "स्वस्तात" मिळत असेल तर आधी आरसी बुक मागायची. नसेल तर व्यवहार तिथेच संपवायचा.

चालवायची कुठे?

जिल्ह्यात मोकळी जागा भरपूर दिसते, पण सगळी मोकळी नाही. पांढरकवड्याजवळचं टिपेश्वर अभयारण्य आणि उमरखेडकडचं पैनगंगा अभयारण्य इथे खासगी बाईक घेऊन जंगलात शिरणं हा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली गुन्हा ठरू शकतो. टिपेश्वरमध्ये वाघ आहेत आणि ते कुंपण बघून फिरत नाहीत. आजूबाजूच्या राखीव जंगलातही वाट दिसली म्हणून गाडी घालायची नसते.

शेतातून जायचं तर मालकाला विचारून, आणि पीक उभं असताना धुऱ्यावरूनही नाही. पावसाळ्यात पांदणीत पाडलेली चाकोरी नंतर वाळून कडक होते आणि मग त्या शेतकऱ्याची बैलगाडी त्यात अडकते. चांगली जागा म्हणजे स्वतःचं किंवा ओळखीच्याचं पडीक शेत, मुरमाची उघडी जमीन, सोबत एक माणूस आणि मोबाईलला रेंज.

थोडक्यात सांगायचं तर

कधीच मातीत चालवली नसेल तर घरच्या १०० सीसीवर दोन-तीन महिने कोरड्या पांदणीवर सराव. गाडी घ्यायचीच असेल आणि ती रोज वापरायची असेल तर २०० सीसीच्या आसपासची. रोजच्या वापराला दुसरी गाडी आहे, उंची बरी आहे आणि मातीतच खेळायचंय, तर हलकी २३०. लांबच्या प्रवासाचं वेड असेल तर २५० ची अ‍ॅडव्हेंचर. आणि ४५० चं स्वप्न असेल तर ते ठेवायचं, पण एक पूर्ण पावसाळा लहान गाडीवर काढून झाल्यावर.

पावसाळा यासाठी, की यवतमाळच्या काळ्या मातीत एक पावसाळा गाडी चालवलेल्या माणसाला पुढची गाडी किती सीसीची हवी, हे कमेंटमध्ये विचारावं लागत नाही.